काखेतल्या गाठी

गल्लीत त्यांना सगळे इस्त्रीशेठ म्हणत. शेठपणा फक्त नावातच होता. लाँड्री एवढीशी, पुढे काउंटर, मागे धुलाईची दोन मशिनं, मध्ये इस्त्रीचं टेबल, आणि त्या टेबलापाशी जन्मभर उभं राहून पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं झालेले शेठ. संध्याकाळी शटर ओढताना आधी त्यांची कंबर करकरायची, मग शटर. घराचा रस्ता उताराचा होता म्हणून बरं, नाहीतर हा माणूस एखाद्या दिवशी गिऱ्हाइकांच्या चादरींवरच पसरला असता.

घरी बायको आणि कुत्रा. कुत्रा मुलीने आणलेला. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली तेव्हा "थोडे दिवस सांभाळा" म्हणून ठेवून गेली. मुली "थोडे दिवस" म्हणतात तेव्हा आईबापांनी काय ते समजून घ्यायचं असतं. पांढराशुभ्र, मांजरापेक्षा जरासा मोठा, अंगभर कुरळे केस. पहिल्या दिवशी तो सोफ्यावर झोपलेला पाहून शेठ खेकसले होते, "हे कोणाचं गाठोडं घरात आणून टाकलंय?" तेव्हापासून ते त्याला गाठोडंच म्हणत. बायको सोन्या म्हणायची. कुत्रा दोन्ही नावांना ओ द्यायचा, आणि जेवणाच्या वेळी तर कोणत्याही नावाला.

असल्या कुत्र्याचे केस फारसे गळत नाहीत. वाढत राहतात आणि एकमेकांत गुंततात. ते रोज विंचरावे लागतात. हे काम बायकोचं होतं, आणि खरं सांगायचं तर तिच्याकडे उरलेलं तेवढंच काम होतं. तिची नजर मंदावत मंदावत आता उजेड आणि सावली एवढीच राहिली होती. एकदा तिच्या हातून दूध उतू गेलं, एकदा हात भाजला. मग शेठनी तिच्याकडून गॅस काढून घेतला, मग सुरी, मग भांडी, मग केरसुणीसुद्धा. दर वेळी एकच वाक्य: "तू बस, मी करतो." मायेनेच म्हणत, त्यात शंका नाही. पण माया करणाऱ्याला कधी कधी समोरचं माणूस दिसेनासं होतं, आणि शेठची नजर तर शाबूत होती.

विंचरायला डोळे लागत नाहीत म्हणून तेवढं तिच्या हातात राहिलं. संध्याकाळी ती कुत्र्याला मांडीवर घ्यायची, एका हाताने केसांचा थर वर धरायची आणि दुसऱ्या हाताने खालचा विंचरायची. आधी टोकं, मग मुळं. काखा, पोट, कानांच्या मागे, पट्ट्याखाली. तेव्हा काही विचारायला गेलं तर "थांबा जरा, कामात आहे" म्हणायची, आणि ते म्हणताना तिची मान किंचित ताठ व्हायची.

आणि एक दिवस ती न्हाणीघरात घसरली. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं.

"सोन्याला विंचरायचं तेवढं बघाल ना?" तिने रिक्षातच विचारलं.

"बघतो की. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, ते शेठना आठवडाभरात कळलं. दिवसभर उभं राहायचं, घरी येऊन स्वयंपाक करायचा, भांडी घासायची, आणि मग कंगवा घेऊन बसलं की डोळ्यांवर झापड. त्यातून काखेत कंगवा गेला की गाठोडं गुरगुरायचं. शेवटी शेठनी धंद्यातली युक्ती घरी आणली. कोटाच्या आत घालायचा शर्ट असेल आणि गिऱ्हाईक घाईला आलं असेल, तर कॉलर, कफ आणि पुढची पट्टी तेवढी कडक करून देतात. आतला चुरगळा कोण बघतंय? तसंच इथे. पाठ आणि डोकं छान फुलवायचं, बाकी राम भरोसे.

"काखेत बघितलंत का?" बायको खुर्चीतून विचारायची.

"बघितलं."

"आणि कानांमागे?"

"सगळं झालं गं. एकदम लोण्यासारखं."

बायको डाव्या हाताने कुत्र्याची पाठ कुरवाळायची आणि नुसतं "हं" म्हणायची. वेळ मारून नेली म्हणून शेठ आडवे व्हायचे आणि क्षणात घोरायला लागायचे.

असा महिना-दीड महिना गेला. उद्या प्लास्टर निघणार, आणि आज दुकानाला सुट्टी. दुपारी बायको झोपली होती. शेठनी सहज कुत्र्याला उचललं, त्याच्या पोटाखाली हात गेला, आणि बोटं अडकली. काखांत, पोटावर, कानांमागे सुपारीएवढाल्या गाठी. उद्या हिचा हात मोकळा होणार, ही हौसेने कंगवा घेणार, आणि पहिल्याच फटक्यात तो अडकणार. आपण खोटं बोललो हे कळेल, त्याचं त्यांना एवढं काही नव्हतं; नवरा झालेल्या माणसाला त्याची सवय असते. पण तिचं म्हणून जे एक काम होतं, तेही आपण घालवलं, हे त्यांना लागलं.

दुसऱ्या कोणी मुलीला फोन लावून विचारलं असतं. पण शेठ पडले लाँड्रीवाले. लाँड्रीत कशावरही पहिला इलाज एकच: आधी धुवा. मळलं, धुवा. चुरगळलं, धुवा. काही सुचेना, तरी धुवा. त्यांनी न्हाणीघराचं दार लोटलं, बादलीत चांगलं कढत पाणी काढलं, शाम्पू ओतला आणि गाठोडं असं खसाखसा चोळलं की फेस बादलीबाहेर आला. मग टॉवेलने रगडलं. मग मुलीचा जुना ड्रायर लावला.

जन्मात कोणाचं लोकरीचं स्वेटर त्यांनी गरम पाण्यात घातलं नव्हतं. नवीन पोराने घातलं की त्याला फाडून खायचे. आणि तेच शेठ आज घरच्या लोकरीला घासत बसले होते. ड्रायरच्या वाऱ्याने पाठ मस्त फुलली, पण खालच्या गाठी सुकता सुकता आवळत गेल्या आणि एकीला दुसरी चिकटली. कंगवा घातला तर दातही आत शिरेना. पोटाखाली सगळी घोंगडी झाली होती. गाठोड्याला पुढचा पाय धड पसरता येईना. ते तीन पायांवर उभं राहून शेठकडे बघत राहिलं.

शेठनी हात टेकले. ओल्या फरशीवर भिंतीला टेकून ते बसले. इतकं थकल्यासारखं त्यांना लग्नसराईच्या दिवसांतही कधी वाटलं नव्हतं. वाटलं, इथेच झोपावं, कोणी उठवूच नये.

दार ढकलून बायको आत आली. चाचपडत खाली बसली आणि डावा हात पुढे केला. कुत्रा त्या हाताखाली गेला.

"आंघोळ घातलीत?"

"हो."

"गाठी न सोडवता?"

शेठ गडबडले. "गाठी? कसल्या गाठी?"

"अहो, डोळे गेलेत माझे. हात नाही गेलेले. डावा होता ना बाहेर?" तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे शेठना आणखीच कसंसं झालं. "पहिल्या आठवड्यातच लागल्या मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही याला कुठेतरी नेऊन भादरून आणलं असतं. म्हटलं, असू देत. प्लास्टर निघालं की मी सोडवीन एकेक. महिना लागला असता तर लागला असता. मला कुठे घाई होती?" ती काखेतल्या त्या आवळलेल्या गोळ्यावरून बोटं फिरवत राहिली. "आता नाही सुटायच्या या."

म्हणजे ज्या गाठींना भिऊन शेठनी एवढा उपद्व्याप केला, त्याच तिने स्वतःसाठी राखून ठेवल्या होत्या. शेठना रडू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर निघालं. आतला हात बारीक आणि ताठ झाला होता. येताना शेठनी दुकानाशेजारच्या न्हाव्याकडून केस कापायचं जुनं मशीन मागून घेतलं. "कुत्र्यासाठी ना? मग परत आणू नका, तुमच्याकडेच ठेवा," न्हावी म्हणाला.

शेठ कुत्र्याला घेऊन एकटेच बसणार होते, पण बायकोने त्याला आपल्या मांडीवर ओढलं. मशीन शेठच्या हातात, आणि पुढे तिची बोटं. "इथे कातडी पातळ आहे, हळू." "थांबा, हा कान." "मशीन तापलं, गार होऊ द्या." कुत्रा मशीनला घाबरून थरथरत होता, पण तिचे दोन्ही हात अंगावर होते म्हणून थांबला. कापलेली ती घोंगडी अखंडच्या अखंड फरशीवर पडली, आणि आतून गुलाबी, काटकुळं, मोठ्या कानांच्या उंदरासारखं एक जनावर निघालं.

"कसा दिसतो?" बायकोने विचारलं.

शेठच्या तोंडावर "छान" आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "भयंकर. सोललेल्या बटाट्यासारखा."

ती खो खो हसली. तिचं हसणं ऐकून कुत्र्याने शेपटीचं उघडं टोक हलवलं. हसू ओसरलं तशी ती हात चोळत बसली.

"पुन्हा विंचरण्याइतके केस यायला किती दिवस लागतील हो?"

"लागतील दोन-तीन महिने."

"तोवर मी काय करू?"

"तू बस," शेठच्या तोंडून सवयीने निघालं, आणि पुढचं "मी करतो" घशातच राहिलं. समोर ती बसलेलीच होती. ते तिच्याकडे बघत राहिले. पोटऱ्या ठणकत होत्या. ओट्यावर भांड्यांचा ढीग होता. दुकानात धुतलेल्या टॉवेलांची अख्खी रास घड्यांवाचून पडली होती.

"उद्यापासून दुकानात चल," ते म्हणाले. "टॉवेलांच्या घड्या घालायच्यात."

"मला दिसत नाही."

"मी तरी कुठे बघून घालतो?"

तिने मांडीवरचे केस झटकले. मग म्हणाली, "हे सुचायला इतकी वर्षं लागली तुम्हाला?"

"लागली खरी. दमलो गं मी. फार दमलो."

"मीपण," ती म्हणाली. "बसून बसून."