अर्धे वाक्य

शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी न्यायवैद्यक मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा वर्गातल्या मुली मला काकू म्हणत आणि मी शेवटच्या बाकावर बसे. गुन्हा पाहिलेल्या लहान मुलांशी बोलण्याचे काम आपल्याला मिळावे, अशी माझी फार इच्छा होती. ती उघडपणे सांगण्याचे धैर्य मात्र नव्हते. त्या कामासाठी कोणाला पाठवायचे, हे सरावाच्या मुलाखतीवरून ठरणार होते.

कॉलेजच्या शिपाईमामांची पहिलीतली नात सरावासाठी आमची साक्षीदार. तिच्यासमोर मुद्दाम एक प्रसंग घडवला होता, त्यात एक कुंडी फुटली होती. खोलीत एक काका गेले होते, एवढेच मला सांगण्यात आले होते. उरलेले तिच्या शब्दांत ऐकायचे. मुलगी खाली मान घालून गप्प. तिचे अवघडणे मला पाहवेना, म्हणून शिक्षिका म्हणून शाळेच्या वर्गात वर्षानुवर्षे केले तेच मी केले: अर्धे वाक्य पुढे केले.

"काका खोलीत आले, आणि त्यांनी कुंडी...?"

"फोडली!"

"शाब्बास!"

काचेपलीकडून आमच्या मॅडम आत आल्या. त्या माझ्याहून बऱ्याच लहान.

"काकू, कुंडी मी पाडली होती. काका खापऱ्या उचलायला आले होते. खरी केस असती, तर बिचारे आत गेले असते." मग माझा चेहरा पाहून त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू."

तो आठवडा मी कर्वेनगरच्या आमच्या घरात यजमानांवर सराव केला. संध्याकाळच्या चहाला मी विचारले, "अहो, आज दिवसभरात काय काय झालं?" ते सांगताना मध्येच थांबले. शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो चहाबरोबर गिळला.

"बरं नाही का तुला? लग्नानंतर पहिल्यांदाच माझं वाक्य माझ्या वाट्याला आलंय."

मी हसले, पण बोलले नाही. बऱ्याच वेळाने कपाकडे पाहत ते म्हणाले, "तू कॉलेजला गेलीस की दुपारी घर फार मोठं वाटतं गं." हे मला ठाऊक नव्हते.

पुढच्या आठवड्यात मुलीला नवा प्रसंग दाखवला होता. "काय झालं ते तुला सांगावंसं वाटेल तसं सांग," एवढे म्हणून मी थांबले. ती फ्रॉकची लेस ओढत राहिली. मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"त्या दिवशी ना," ती अखेर म्हणाली, "काकांनी नव्हती फोडली. तुम्हाला तसंच पाहिजे होतं ना, म्हणून म्हटलं."

मला तिला जवळ घ्यावेसे वाटले. "बरं झालं सांगितलंस" हेदेखील मी आवरले. "मी ऐकतेय," एवढेच म्हटले. तिने खुर्ची पुढे ओढली आणि आजचा प्रसंग सांगू लागली: मधूनच मागे जात, चुकलेले स्वतःच दुरुस्त करत.

मॅडमनी दार किलकिले केले. "काकू, सोमवारपासून मुलांच्या कामाला जा. आणि आता उठा, वेळ संपली."

पण मुलीचे अजून संपले नव्हते. मी तशीच बसून राहिले.