आप्पांचा पाय आणि आमचा संशय

माझ्या सासऱ्यांना वाटायचं, मी त्यांचा पाय कापायला निघालेय.

आज आप्पांना जाऊन वर्ष झालं, म्हणून सांगते.

आप्पांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. नंतर वरवंडला शेवंती लावली.
मी कुरकुंभला औषध कंपनीच्या लॅबमध्ये. त्यामुळं सगळे डॉक्टर आप्पांच्या लेखी माझेच पाहुणे!

डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. पाऊल गारठलेलं. पाय वर घेतला की कळ यायची, म्हणून दिवसभर खाटेखाली सोडून बसायचे.

दौंडचे डॉक्टर म्हणाले, "पावलापर्यंत रक्तच पोचत नाहीये. लगेच पुण्याला न्या, नाहीतर पाय काढावा लागेल."

आप्पांनी फक्त 'काढावा' एवढंच ऐकलं.

"तुमचं ठरलंय समदं. भूल द्यायची, आन् उठल्यावर सांगायचं, कापला म्हणून."

संशय माझ्याही मनात होता. डॉक्टरांनी बिडी बंद करायला सांगितली होती. आप्पा म्हणायचे, "बिडी सोडली." मी धुण्याआधी त्यांची बंडी हुंगायचे.
एकदा त्यांनी पाहिलं. दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत.

पुण्यात सर्जन म्हणाले, तुंबलेली रक्तवाहिनी फुग्यानं उघडून बघू. संमतीचा फॉर्म मी आप्पांना वाचून दाखवला.

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि शेजारच्या पेशंटच्या मुलीला दिला.
"बाय, तू वाच. हिनं काय गाळलंय का बघ."

मला रडूच आलं.

सर्जन म्हणाले, "आबा, फक्त जांघेत बधिर करणार. तुम्ही जागेच राहणार."
तेव्हा कुठं फॉर्मवर अंगठा उठवला.

प्रोसिजरनंतर डॉक्टरांनी पावलावर डॉप्लर मशीन धरलं. आधी त्यातून काहीच ऐकू आलं नव्हतं. आता रक्त वाहताना स्पष्ट ऐकू येत होतं. सूं... सूं...

"टेप लावली असंल. हिच्या पायाला लावा बघू."

लावलं. तसाच आवाज.

आप्पांनी पावलाकडं नजर वळवली. मग मला म्हणाले, "हात लाव गं. ऊन हाय का?"

"हाय, आप्पा."

काळा अंगठा गेलाच. जखम भरायला चार महिने लागले. पण पाय वाचला.
बिडीही सुटली होती. तरी मी हुंगत राहिले, खोटं कशाला बोलू!

पुढं आप्पा हार्टनं गेले. त्याच्या महिनाभर आधी त्यांचे मेंढरांमागचे एक जुने सोबती, आमचे मामा, घरी आले. त्यांचीही पायाची बोटं काळी पडलेली.

आप्पांनी चप्पल काढून पाय पुढं केला. "हात लावून बघ."
मग माझ्याकडं बोट. "हिच्यासंगं पुण्याला जा. भांड हिच्याशी, पर जा."

आप्पा, ते मामा आज तुमच्या वर्षश्राद्धाला आले. एस.टी. स्टँडपासून चालत.

तुम्हाला नमस्कार करते, आप्पा.