पालकाची सही

मुलीच्या जात पडताळणीसाठी वंशावळ लागत होती. मी नोकरीनिमित्त नागपुरात, वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. एका रविवारी कोऱ्या कागदावर मीच ती काढली. पणजोबा, आजोबा, वडील, मी, मुलगी. पाच मिनिटांत सरळ एक रेघ खाली आली. त्या रेघेच्या शेजारी कुठेही मोठे बाबा नव्हते. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, आमचं शेत आयुष्यभर एकट्याने वाहिलं. त्यांना मूल नाही म्हणून त्यांचं नाव लागणार नाही, असा काही विचार मी केला असता तरी बरं होतं. ते मला आठवलेच नाहीत.

पुरावे गोळा करायला मंगरूळपीरला गेलो. तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल मिळाली. आजोबांच्या नावापुढे दोनदा ‘मुलगा’ लिहिलेलं होतं, मध्ये सहा वर्षांचं अंतर. तिथून गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तर बाईंनी कपाटाच्या तळातून दाखल-खारीजचं रजिस्टर काढलं आणि कागद हळू उलटा, कडा तुटतात, म्हणून सांगितलं.

वडिलांची नोंद सापडली. त्याच रजिस्टरात, काही पानं आधी, मोठ्या बाबांचंही नाव होतं. चौथी पास. प्रगती उत्तम. शाळा सोडण्याचं कारण, शेतीकाम. ज्या आठवड्यात त्यांचं नाव कमी झालं, त्याच आठवड्यात वडिलांचं नाव पहिलीत लागलं होतं. घरातला एक शाळेत गेला आणि एक शेतात, एवढं मला कळलं. पण त्या रजिस्टरात पालकाच्या सहीचा एक रकाना होता. आजोबा निरक्षर. वडिलांच्या नावापुढे त्या रकान्यात आजोबांचा अंगठा नव्हता. बारा वर्षांच्या पोराच्या गोल, जपून काढलेल्या अक्षरात मोठ्या बाबांची सही होती.

बाई मोबाइलवर फोटो घ्या म्हणाल्या. फोटो दोनदा हलला.

कारण दुसरा एक कागद मला पाठ होता. वडील गेल्यावर सातबारावर मोठ्या बाबांचं आणि आमचं नाव लागलं, तेव्हा मी त्यांच्याकडून हक्कसोड करून घेतली होती. पुढे वारसाची कटकट नको, जिवंतपणीच कागद सरळ झालेले बरे, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी बरं म्हटलं. नोंदणीच्या टेबलावर कारकुनाने त्यांच्याकडे बघून विचारलं होतं, “बाबा, सही करता का?” त्यांनी तोंड उघडायच्या आधी मी उत्तर दिलं, “नाही, अंगठा.” मग त्यांचं मनगट धरून अंगठा मीच शाईवर टेकवला, आणि शेजारी ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्दही माझ्याच अक्षरात लिहिले.

लहानपणी ते ओट्यावर पेपर धरून बसत, तेव्हा आम्ही भावंडं चित्रं पाहतात म्हणून हसायचो. त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

शाळेतून मी थेट शेतात गेलो. मोठे बाबा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून लाइन यायची वाट पाहत होते. तुरीला पाणी द्यायचं होतं. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला आणि बराच वेळ पाहिला.

“रफार पह्यल्यांदा चुकला होता,” ते म्हणाले. “मास्तरनं खोडून पुन्ना लिवाले लावला.”

मी विचारलं, “तुमाले लिवता येत होतं, तं त्या दिवशी ऑफिसात सांगतलं काहून नाही?”

त्यांनी मोबाइल धोतराला पुसून माझ्या हातात दिला.

“तू त्याले नाही म्हनून सांगून टाकलं होतं. चार लोकात तुले खोटं पाडाव का?”

पुन्हा सातबारावर तुमचं नाव चढवू, असं मी कसंबसं म्हणालो. आता कायले, नाव नसलं तरी तूर येतेच, म्हणून त्यांनी तो विषय संपवला. वंशावळीत नाव घालतो म्हटल्यावर मात्र त्यांनी विचारलं, “त्याच्यात लागते माहं नाव?” नियमाने लागतं, असं मी म्हणालो. लाइन आली तसे ते उठून पंपाकडे गेले.

नवी वंशावळ मी हाताने लिहिली. आजोबांखाली दोन रेघा, थोरल्याची आधी. पोरीचं प्रमाणपत्र काही महिन्यांनी आलं. रजिस्टरातला फोटो तिने माझ्याकडून मागून घेतला, मैत्रिणींना दाखवला. बारा वर्षांचा भाऊ पालक झाला, हे तिला फार आवडलं. त्यांना भेटायला जाऊ, म्हणून ती मागे लागली आहे. नोंदणीच्या टेबलावर काय झालं, ते मी तिला सांगितलेलं नाही. तिने तिथे गेल्यावर त्यांना विचारलं, तरी ते सांगणार नाहीत, हे मला माहीत आहे, आणि त्याचा मला आधार वाटतो.