अर्ध्या लूमची पेन्शन

माझ्या वडिलांनी तीस वर्षं भिवंडीच्या जकात नाक्यावर काढली, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. ट्रक थांबवायचा, पावती फाडायची, पुढचा ट्रक. सकाळी सातला घरी यायचे, आंघोळ करून भाकरी खायचे आणि नऊच्या सुमारास आडवे व्हायचे ते तीनच्या चहालाच उठायचे. रात्री माणसं झोपतात हे त्यांना ऐकून माहीत होतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांची निवृत्ती जवळ आली, तेव्हा मी भिवंडीतल्याच एका प्राथमिक शाळेत नुकतीच बाई म्हणून लागले होते. निवृत्तीनंतर काय करणार, असं कुणी विचारलं की वडील एकच शब्द सांगायचे, "झोपणार."

पेन्शन नव्हती. फंडाची रक्कम एकदाच हातात येणार होती आणि ती त्यांना आणि आईला जन्मभर पुरवायची होती. ही बातमी फुटली आणि ज्यांनी वडिलांना कधी चहा विचारला नव्हता तेही सल्ला द्यायला घरी येऊ लागले. चहा अर्थात आमचा. मावशीचे यजमान म्हणाले, सोनं घ्या. शेजारच्या मास्तरांनी पोस्टाची सर्टिफिकिटं सुचवली आणि व्याज समजावताना दोन तास घेतले. एक विमा एजंट आला. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "मंग हे पैसे मिळनार कधी?" तो नम्रपणे म्हणाला, "तुमच्या पश्चात." वडील म्हणाले, "मंग त्यांनाच विचार, जे तवा घरात असतील." एका नातेवाइकाने भिवंडीजवळच्या पूर्णा गावात पाणथळ शेतजमिनीचा तुकडा दाखवला. त्यावर वडिलांचं म्हणणं, "तिथं काय, बेडकांना भाड्यानं देऊ?" आज तिथे एवढाली गोदामं उभी आहेत. आमच्या घरात पूर्ण्याचा विषय कुणी काढत नाही.

शेवटी आला लूमचा दलाल. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग तो इथे आणून विकायचा. त्याने चहासुद्धा घेतला नाही. उंबऱ्यावर उभ्या उभ्या एवढंच म्हणाला, "चाचा, लूम डाल दो. आप सोते रहो, लूम कमाएगा." बाकी सगळ्यांच्या योजनांमध्ये व्याज होतं, नफा होता, पण झोप कुणाच्याच योजनेत नव्हती. वडिलांचा निर्णय तिथेच झाला.

पूर्ण लूम घेण्याची ऐपत नव्हती, कारण फंडातला एक हिस्सा माझ्या लग्नासाठी बाजूला काढला होता. मला लग्नाची घाई नाही, असं मी सांगितलं, पण ते लूमच्या आधीसुद्धा घरात कुणाला ऐकू जात नसे. म्हणून वडिलांनी भागीदार शोधला. नाक्यावर त्यांच्याबरोबरच निवृत्त झालेले एक काका होते, टेमघरचे. दोघांनी निम्मे निम्मे पैसे घातले. लूम टेमघरला बसवावा असं आधी ठरलं होतं, पण काकूंनी सांगितलं की घरात एक तर लूम राहील, नाही तर मी. काकांनी दोन दिवस विचार केला आणि मग नकार कळवला. अशा रीतीने लूम आमच्या नारपोलीच्या घराच्या पडवीत आला.

वाटणी सोपी होती. शुक्रवारी लूमला सुट्टी. शनिवारी नवा आठवडा सुरू. एक आठवडा आमचा, एक काकांचा. ज्याचा आठवडा त्याची कमाई. कापडाचा व्यापार करणारा एक शेठ सूत द्यायचा, कापड घेऊन जायचा आणि मीटरवर मजुरी द्यायचा. चालवायला उत्तर प्रदेशातला एक कारीगर ठेवला होता, तो सकाळी आठला यायचा.

पहिल्या सकाळी लूम सुरू झाला आणि आमच्या लक्षात आलं की आपण पेन्शनला कधी जवळून पाहिलं नव्हतं. मांडणीवरचे डबे एकेक करून पुढे सरकू लागले. आई दर तासाला त्यांना मागे ढकलायची. पोळपाटावरची चपाती न फिरवता फिरायची. मी समोर बसून आईला "मीठ दे" म्हटलं तर ती उठून दार उघडायची. मला वाटलं, आता वडील काही झोपत नाहीत. पण नऊ वाजले, रात्रीची झोप अजून अंगवळणी न पडलेले वडील भिंतीपलीकडच्या खोलीत आडवे झाले आणि तोंड उघडं टाकून तीनपर्यंत झोपले. आठवडाभर हेच. म्हणाले, "काय आवाज हाय! अंगाईच."

पुढच्या शनिवारी काकांचा आठवडा सुरू झाला आणि वडिलांचा डोळा काही लागेना.

लूम तोच, कारीगर तोच, आवाज तोच. वडील या कुशीवरून त्या कुशीवर. कानात कापूस घातला, डोक्यावर उशी घेतली. मारुतीच्या देवळात जाऊन झोपायचा प्रयत्न केला, तर म्हणे तिथेही ऐकू येतं. देऊळ अर्ध्या मैलावर होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत घोरायला लागले. असं दोन महिने चाललं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या आमच्या आठवड्यात चांगल्या लागू पडायच्या.

आई दुधाचे खाडे कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवायची. एका संध्याकाळी तिने त्याच कॅलेंडरवर बोट फिरवून मला दाखवलं. "बघ. एक आठवडा घोरतात, एक आठवडा तळमळतात. ह्यांना आवाज न्हाय लागत. दुसऱ्याची कमाई लागते." मी हसले. ती हसली नाही. आईला हे वडिलांना सांगायचं धाडस होईना. तीस वर्षं माणूस सरळ वागल्यावर त्याला तोंडावर हावरट कसं म्हणायचं?

वडिलांनी आपल्या परीने कारण शोधलं होतं. त्यांचं म्हणणं, काका अन्याय करतात. पैसे त्यांचे आणि डोकं उठतं आमचं. त्यांनी काकांना निरोप धाडला, "तुझा आठवडा हाय, तर तूच येऊन आवाज सोस." काका सज्जन. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर डबा घेऊन हजर झाले. वडिलांनी त्यांना आपल्याच खाटेवर बसवलं. म्हणाले, "बस आता. कळंल."

काका दहा मिनिटं बसले, मग टेकले, मग आडवे झाले. मी डबा घेऊन शाळेला निघाले तेव्हा ते घोरत होते, आणि वडील स्टुलावर बसून त्यांच्याकडे एकटक पाहत होते. आईने सांगितलं, दुपारी तीनला उठून काका म्हणाले, "काय रं, कसला त्रास? मला तर मस्त डोळा लागला." त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण काकांच्या पुढच्याच आठवड्यात, चार दिवसांच्या जागरणानंतर, वडील लूमपाशी उभे असताना उभ्या उभ्या पेंगले आणि हात मोटरच्या पट्ट्याकडे गेला. कारीगराने त्यांचा शर्ट धरून मागे खेचलं म्हणून हात वाचला. शर्टाची पाठ फाटली. आईने ते पडवीच्या दारातून पाहिलं. तिने वडिलांना हाताला धरून खोलीत आणून बसवलं आणि पडवीच्या दाराला कडी लावली. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. झोपेसाठी घेतलेला लूम या माणसाला घेऊन जाणार, असं वाटलं.

रात्री जेवताना आईने आपल्या पाटल्या काढून ताटाशेजारी ठेवल्या. म्हणाली, "भावजींचा अर्धा लूम मी घेते."

वडील म्हणाले, "त्या म्हातारपणासाठी ठेवल्यात ना?"

"म्हातारपन दारात उभं हाय. चहा पन घेतं आपल्याकडं."

"माझ्या झोपंसाठी पाटल्या मोडतेस?"

"तुमच्या हातासाठी मोडतेय. हात ऱ्हायला तर झोपेचं बघू."

वडील मान खाली घालून भात कालवत राहिले. काकांना काहीच अडचण नव्हती. काकूंना म्हैस हवी होती, आणि म्हैस टेमघरच्या घरात चालणार होती. आठ दिवसांत व्यवहार झाला. आईने एक अट घातली. वाटणी पूर्वीसारखीच राहील, एक आठवडा तुमचा, एक माझा. माझ्या आठवड्याची कमाई माझ्या हातात. वडिलांना ते विचित्र वाटलं. एकाच घरात कसले दोन आठवडे? पण पाटल्या तिच्या होत्या.

आईचा पहिला शनिवार उजाडला. कारीगर आठला आला, लूम धडधडू लागला. बायकोच्या कमाईने या माणसाची झोप उडाली, तर पुढे काय मोडायचं? आमच्याकडे दुसरं काही मोडण्यासारखं नव्हतं. शनिवारची शाळा सकाळी साडेआठची, मला जावंच लागलं. मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीबाहेर पाहत बसले.

साडेअकराला धावत घरी आले. वडील जागे होते. पडवीत, लूमशेजारी स्टुलावर ताठ बसलेले, मांडीवर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्यांची टोपली घेऊन. माझा जीवच गेला. मी ओरडून विचारलं, "आजही नाही लागला डोळा?"

त्यांनी खोलीकडे बोट दाखवलं. मी डोकावले. खाटेवर आई झोपली होती. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला दिवसाढवळ्या आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. दिवसा वडिलांच्या झोपेची राखण करायची आणि रात्री ते नाक्यावर, म्हणून कडीकडे कान लावून पडायचं, अशी तिची तीस वर्षं गेली होती. ते मला त्या क्षणी कळलं, आणि आपण इतके दिवस कुणाच्या झोपेची काळजी करत होतो याची लाज वाटली. वडिलांना ते त्या सकाळी खाटेवर टेकतानाच कळलं असावं. "आज तुझा आठवडा, तूच झोप," म्हणून त्यांनी तिला आडवं केलं होतं.

मला बोलायचं होतं. मी कारीगराला मोठ्याने विचारलं, आई कधीपासून झोपली आहे. तो लूमच्या वरताण ओरडून सांगू लागला. वडिलांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला."

कारीगर चक्रावला. "चाचा, इतनी बड़ी मशीन चल रही है, हमारी आवाज़ से क्या होगा?"

"लूमचं न्हाय, तुमच्या दोघांचं बोलतोय," वडील म्हणाले. "लूम तिचा हाय."