केनियाबाईची बुट्टी

आमच्या केनियाबाईला रिकामं भांडं परत देणं म्हणजे पाप वाटायचं. मंगळवार पेठेत माझी मुलींची खानावळ होती, तिथं ती जेवायला यायची. शेजारणीची वाटी परत करायची असली, तर ही आधी तीत चिमूटभर साखर तरी घालणारच.

नाव मुलींनीच ठेवलेलं. पोरगी पेठ वडगावची, बौद्ध घरातली, बाप सूतगिरणीत. नव्वदीच्या शेवटाला स्कॉलरशिप मिळवून विलायतेला एम.ए. करायला गेली. विषय काय, तर गरीब देशांचा विकास. त्यातही हिनं घेतली पूर्व आफ्रिका. मी म्हटलं, "अगं, आफ्रिका शिकायला विलायतेला? मग वडगावात बसून विलायत शिकायचीस की!"

खदखदून हसली. "मावशी, तिथल्या बायकाबी पाण्यापायी आमच्या आईएवढंच चालत्यात म्हणं. बघून येतो की."

परत आली ती पदवी आणि बगलेत एक विणलेली बुट्टी, म्हणजे टोपली, घेऊन. अभ्यासासाठी केनियातल्या एका खेड्यात राहिली होती. निघताना घरधनीण बाईनं आपल्या बुट्टीत नाचणी भरून दिली. हो, आपलीच नाचणी, तिकडंही पिकते! आणि बजावलं, आमच्यावर काय लिहिशील ते घेऊन ये, आणि माझी बुट्टीही आण.

"आमच्या आजीला लोक वरनं वाढायचे, मावशी," ती म्हणाली. "तिनं शिवलेलं भांडं कोण परत घेत नव्हतं. ह्या बाईनं सोताची बुट्टी दिली, वर परत मागितली. म्हंजे माझ्या हातनं घेणार हाय ती."

मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पण जाणं झालं नाही. बापाला अर्धांगवायू झाला. ही कॉलेजात तासावर शिकवायची आणि घरी जाऊन बापाला कुशीवर वळवायची. कधी जाणार म्हणून विचारलं की उसळायची, "कशी जाऊ? बापाला बुट्टीत घालून न्हेऊ व्हय?" आपल्याच बोलण्याला हसायची आणि मग पदरानं डोळे पुसायची. अशी वर्षं गेली.

बाप गेला. आता ही जाईल, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात विलायतेतल्या मैत्रिणीचा फोन आला, केनियातली ती बाईही गेली.

पुढं दिल्लीत नोकरी लागली, त्याच पूर्व आफ्रिकेवर अहवाल लिहायची. निघताना बुट्टी माझ्या हातात दिली. "ठेवा, मावशी. आता भरून काय अन् रिकामी काय."

"अगं, तिच्या घरात कोण तरी असंल की."

"असंल. पण परत मागितलीती तिनं."

खानावळ बंद होऊनही बरीच वर्षं झाली. बुट्टी माझ्या फडताळावर आहे. नवी नाचणी आली की ओंजळभर तीत घालते. दिल्लीहून फोन आला की आधी बुट्टीचीच चौकशी.

"रिकामी न्हाय न्हवं?"

"न्हाय गं."

मग मी बुट्टी फोनजवळ धरून हलवते, आतली नाचणी तिला ऐकू जावी म्हणून.