गुणाजी आणि बॅरिस्टरांच्या गाडीची शिट्टी

लालबागच्या एका गॅरेजात गुणाजी फिटर होता. आधी तो गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होता. शेकडो साच्यांच्या खडखडाटात कुठला साचा बिघडलाय ते त्याला कानानेच कळायचं. गाड्यांतही तोच कान कामी आला.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात गिरगावातल्या एका बॅरिस्टरांची विलायती गाडी आली. ड्रायव्हर दौलत घोडपदेवचा, गुणाजीचा जुना दोस्त. म्हणाला, "चाळीसच्या वर गेली की शिट्टी वाजते रे. साहेब डोकं खातात माझं."

दोघं गाडी घेऊन वरळीच्या समुद्राकाठी गेले. गुणाजीने दारांच्या फटी, आरशाचा देठ, एकेक करून भिजवलेल्या कणकेने बुजवून पाहिलं. शिट्टी तशीच. शेवटी वायपरच्या दांड्यांना फडकं गुंडाळलं आणि गाडी गप्प झाली. दांड्या काचेपासून बोटभर वर होत्या, वारा त्यांच्याखालून घुसत होता. गुणाजीने त्या वाकवून काचेशी लगटून बसवल्या. बॅरिस्टरांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली.

पण दांड्या वाकवताना मुळाशी असलेल्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या होत्या. रबराची पाती काचेवर पूर्वीसारखी दाबून बसेनात. हे गुणाजीला जाणवलं होतं. ताठ स्प्रिंगा घालायला हव्यात, असं मनात आलंही. कौतुकाच्या भरात राहून गेलं.

जुलैत दौलत साहेबांना पुण्याहून आणत होता. भर पावसात, वेगात, वाऱ्याने पाती काचेवरून उचलली. पुढचं काही दिसेना. गाडी कठड्यावर गेली. साहेबांचा हात मोडला, दौलतचा गुडघा कायमचा गेला.

प्लॅस्टरमधला हात घेऊन बॅरिस्टर गॅरेजात आले. "वायपर तुम्हीच पाहिले होते. काही दोष होता का? का दौलतला झोप लागली?"

गॅरेजचे मालक शेजारीच उभे होते. गुणाजी म्हणाला, "वायपर ठीक होते, साहेब."

दौलतची नोकरी गेली. त्या संध्याकाळी कामगार मैदानावर सभा होती. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणताना गुणाजीचा आवाज एरवी सगळ्यांच्या वर असायचा. त्या दिवशी तो फुटलाच नाही.

पुढे त्याने नवी दांडी बनवली. चपटी, बुटकी, मुळाशी ताठ स्प्रिंग. शिट्टी नाही आणि पातीही उचलली जात नाहीत. मालकांनी ती कितीतरी गाड्यांना बसवली. कुणी वाखाणलं की गुणाजी तिथून उठून जायचा.

महाराष्ट्र झाला त्या आठवड्यात तो बॅरिस्टरांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "दौलत? कोण बरं?"

तिथून तो घोडपदेवला गेला. दौलत कॉटन ग्रीनच्या गोदामावर पहारेकरी झाला होता. नुकताच लंगडत घरी आला होता. गुणाजीने उभ्याउभ्याच सांगितलं. दौलतची बायको सुभद्रा हातातला चहाचा कप तसाच धरून राहिली.

दौलत म्हणाला, "म्हणजे मला डुलकी लागली नव्हती?"

"नाही रे."

"तीन वर्षं मला वाटतंय, लागली असणार. पुन्हा कुणी गाडी देत होतं, मीच नको म्हटलं. माझा माझ्यावरच भरवसा उरला नव्हता, गुणा."

गुणाजीने त्याचे पाय धरायला हात पुढे केले. दौलतने ते बाजूला सारले, रागाने नाही, पण सारले. सुभद्राने चहा दिला. तो गुणाजीने प्यायला आणि निघाला. दौलत त्याला जिन्यापर्यंत सोडायला आला नाही.