टीबीवाली बाई
फिनाईलचा वास आला की अंबाजोगाईच्या दवाखान्यातलं ते बाकडं आठवतं. बायको गावातल्याच बायांजवळ बसलती. आतून सिस्टर ओरडली, "टीबीवाली बाई कोण हाय? या लवकर!" मी म्हणालो, "सिस्टर, नाव घ्या की. आजार कावून सांगता सगळ्यांला?" ती म्हणाली, "बाबा, नाव घ्यायला इथं काय लगीन हाय?" शेजारच्या बायांनी पदर नाकाला लावला. औषधानं टीबी पार गेला, पण त्यानंतर संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकवाला एकबी बाई फिरकली न्हाई. रोग्याचा आजार चारचौघांत सांगू नये असा कायदा हाय म्हणं. मला तो आत्ता कळला. परवा बायको गेली, तवा त्याच बाया सवाष्णीचा मळवट भरायला आल्या. मी दारातच विचारलं, "आता लागत न्हाई व्हय टीबी?"